तासांचा हिशेब

रबाळ्याच्या ज्या कारखान्यात मी देखभाल विभागात २८ वर्षे काढली आहेत, तेथे कोणत्याही यंत्राचे वय विचारले तर उत्तर तासांत मिळते. कॉम्प्रेसर किती साली बसवला याला फारसा अर्थ नसतो. तो किती तास चालला, त्यातले किती तास भाराखाली चालला आणि शेवटचे तेल कितव्या तासाला बदलले, एवढेच विचारायचे असते. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की २०२१मध्ये नवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये पोर्शे बॉक्स्टर ही दोन आसनांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार पाहायला गेले, तेव्हाही माझा पहिला प्रश्न तासांचाच होता. विक्रेत्याने माझ्याकडे नव्हे, तर सोबत आलेल्या दादाकडे पाहून उत्तर दिले, “साहेब, फर्स्ट ओनर आहे, फक्त २८ हजार चाललीय.” दादाने उभ्या आयुष्यात स्कूटरखेरीज काहीही चालवलेले नाही. त्याने ते बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्याकडे बोट केले.

या गाड्यांच्या इंजिनाचा संगणक इंजिन एकूण किती तास चालू राहिले याची नोंद ठेवतो. डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा मागे फिरवून देणारी माणसे बाजारात आहेत. तासांच्या नोंदीकडे मात्र सहसा कोणी वळत नाही, कारण ती उघडून पाहणारे गिऱ्हाईक क्वचितच येते. मी ओळखीच्या गॅरेजवाल्यांना स्कॅनरसह घेऊन गेले होते. आकडा आला २,४५० तास. २८ हजारांना २,४५०ने भागले तर सरासरी वेग ताशी साडेअकरा किलोमीटरही भरत नाही. ठाण्यातला माजिवड्याचा सिग्नल, मेट्रोच्या खांबांसाठी अडवलेला घोडबंदर रस्ता आणि गायमुखचा घाट हे सगळे रोजच्या रोज धरले, तरी दहा वर्षांची सरासरी इतकी खाली येणे कठीण. गाडी वर्षानुवर्षे एसी लावून जागीच उभी राहिली असावी, नाहीतर ती २८ हजारांच्या बरीच पुढे जाऊन कागदोपत्री परत आली असावी. “मुंबईचे ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे, साहेब,” विक्रेता पुन्हा दादालाच म्हणाला. आम्ही निघालो.

बॉक्स्टरच का, हे सांगायला हवे. वेगाचे वेड हे त्याचे कारण नव्हे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, तेव्हा तिच्या व्यवस्थापनाने टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार स्टुटगार्टच्या कारखान्यात आणले आणि माणसाच्या डोक्याहून उंच रचलेले सुट्या भागांचे रॅक त्यांच्या सांगण्यावरून अक्षरशः करवतीने कापून खाली आणले. १९९६मध्ये आलेली बॉक्स्टर ही त्या शिस्तीतून बाहेर पडलेली गाडी. खर्च वाचवण्यासाठी तिचा पुढचा भाग आणि दरवाजे पोर्शेच्याच ९११ या गाडीच्या पुढच्या पिढीशी सामाईक ठेवले होते. आमच्या शॉप फ्लोअरवर कायझेनचे, म्हणजे सतत थोडीथोडी सुधारणा करण्याच्या त्याच जपानी शिस्तीचे, फलक लागले ते नंतर, आणि त्या फलकांखाली मी अनेकदा कुरकुरत उभी राहिले आहे. ज्या शिस्तीने माझ्या उमेदीच्या वर्षांवर राज्य केले, तिनेच वाचवलेल्या कारखान्याची एक वस्तू आपल्याकडे असावी, असे मला वाटू लागले. आईला हे कारण पटले नाही. तिचा प्रश्न सरळ होता, “दोनच माणसं बसणार, मग तिसरं कुठे जाणार?”

कोणत्या वर्षाची घ्यायची, हे ठरवायला मात्र मला वेळ लागला नाही. २००८पर्यंतच्या बॉक्स्टरच्या इंजिनात पिस्टनांमुळे फिरणाऱ्या क्रँकशाफ्टकडून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे गती पोहोचवणारा एक मधला दांडा असतो आणि त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग असते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या साहेबांनी शिकवले होते की सीलबंद बेअरिंग कोरड्या जागेसाठी असते. ते गरम तेलात बुडवून ठेवले तर सील हळूहळू कडक होते, आतले ग्रीस तेलात विरघळून निघून जाते, आणि उरलेले सील ताज्या तेलालाही धड आत येऊ देत नाही. त्या इंजिनांत नेमके हेच घडत असे. बहुतेक इंजिने आयुष्यभर बिनतक्रार चालली, हे मान्य केले पाहिजे. पण ज्यांचे बेअरिंग गेले त्यांचे बहुधा अख्खे इंजिनच गेले. २००९च्या सुधारित गाडीत नवे इंजिन आले आणि त्यात हा मधला दांडाच ठेवला नाही. बेअरिंगचा आकार वाढवण्यापेक्षा ते लागणारच नाही अशी रचना करणे, हे मला देखभालीच्या माणसाच्या मनातले उत्तर वाटते. म्हणून २००९नंतरची गाडी, २.९ लिटरची, साधी, जास्त ताकदीची ‘एस’ नको.

तशी गाडी पार्ल्यातल्या एका निवृत्त डॉक्टरांकडे मिळाली. २०११ची, निळसर करडी, सात गिअरची, दुहेरी क्लचची. तिच्या मीटरवर ३४,६०० किलोमीटर होते आणि संगणकात १,४८० तास, म्हणजे ताशी २३ किलोमीटरांच्या थोडे वर. पार्ले ते दवाखाना आणि अधूनमधून लोणावळा असे आयुष्य गेलेल्या गाडीला शोभेल असा आकडा. डॉक्टरांनी एक फाइल ठेवली होती. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात त्यांच्या हाताने लिहिलेले किलोमीटर आणि तारीख. औषधाच्या चिठ्ठीवरचे डॉक्टरी अक्षर हेच असावे, कारण त्यातले काही मला आजही लागलेले नाही. तेल दर वर्षी बदललेले, मग गाडी दोन हजार किलोमीटरच चाललेली का असेना. मी टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहिले तर ते निघाले २६१४, म्हणजे टायर २०१४च्या सव्विसाव्या आठवड्यात बनलेले. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण खोबणीच्या तळाशी नखाएवढ्या भेगा दिसत होत्या. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हते. नक्षी आहे म्हणजे टायर नवे आहेत, असे ते धरून चालले होते. ते थोडे ओशाळले आणि न मागता तेवढी रक्कम कमी करायला तयार झाले. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “पावसाळ्यात कुठे ठेवणार?”

चॅसी नंबरातले अकरावे अक्षर कोणत्या कारखान्यात गाडी जुळवली ते सांगते. ‘एस’ असेल तर स्टुटगार्ट, ‘यू’ असेल तर फिनलंडमधले ऊसिकाउपुंकी, कारण मागणी वाढल्यावर बॉक्स्टर तेथेही जुळवत असत. माझ्या गाडीचे अक्षर ‘यू’ आहे. सोसायटीत जर्मन म्हणून मिरवणारी ही वस्तू बाल्टिकच्या काठावरच्या एका लहानशा गावातून आली आहे, हे मी अद्याप फारसे कोणाला सांगितलेले नाही.

कागदपत्रांचा भाग लवकर आटोपला: नमुना २९, नमुना ३०, विम्याचे हस्तांतरण, ठाण्याच्या आरटीओतल्या दोन फेऱ्या. किंमत एका चांगल्या नव्या एसयूव्हीएवढी पडली, आणि येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. परदेशातून तयार येणाऱ्या गाडीवर आपल्याकडे जबर सीमाशुल्क लागते. ते पहिल्या मालकाने भरलेले असते, आणि दहा वर्षांत गाडीची किंमत जी कोसळते, त्यात सर्वांत आधी हे सीमाशुल्क आणि रस्ताकर वाहून जातात. दुसऱ्या मालकाला म्हणून गाडी स्वस्त वाटते. पण पाण्याचा पंप किंवा ब्रेक डिस्क मागवली की ती आजच्या दराने, आजच्या शुल्कासह येते. गाडीचे वय झाले म्हणून तिला सूट मिळत नाही. थोडक्यात, तुम्ही एसयूव्हीच्या किमतीत गाडी घेता आणि पोर्शेच्या किमतीत ती सांभाळता. पुढचे टायर २०५चे आणि मागचे २३५चे असल्यामुळे पुढचे मागे टाकून वर्षभर ढकलण्याचा आपला हुकमी उपायही चालत नाही. मी खरेदीच्या दिवशीच किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकली होती. पहिल्या वर्षात टायर, पाण्याचा पंप, बेल्ट, ब्रेक आणि सगळी तेले मिळून त्यातली अर्धी संपली. यात गाडीचा काही दोष नव्हता. गाडी बंद पडत नाही तोवर ज्या गोष्टींकडे कोणी पाहत नाही, त्या गोष्टी पुढच्या माणसासाठी साचून राहतात, आणि पुढचा माणूस या वेळी मी होते.

सोसायटीत गाडी आली त्या संध्याकाळी मुलांचा घोळका जमला. पुढचे झाकण उघडून दाखव म्हणाली म्हणून उघडले, तर आत बॅग ठेवायची जागा. मागचे उघडले, तर तेथेही बॅग ठेवायची जागा आणि कोपऱ्यात तेलाचे व कूलंटचे झाकण. “काकू, इंजिन नाहीये हिला?” एका चिमुरड्याने विचारले. इंजिन सीटच्या पाठीमागे, गाडीच्या पोटात असते आणि ते पाहायला टप अर्धवट उचलून सतरा गोष्टी काढाव्या लागतात. मी स्वतः ते गॅरेजमध्ये, गाडी वर घेतल्यावर खालूनच पाहिले आहे. आई एकदाच त्यात बसली, कौपिनेश्वराला जाण्यासाठी. परत आल्यावर तिने निर्णय दिला, “बसायला जमतं. उठायला दोघं लागतात.” त्यानंतर देवळाच्या फेऱ्या घरातल्या जुन्या हॅचबॅकवर गेल्या.

डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर मला पहिल्याच वर्षी शोधावे लागले. गाडीचा टप कापडी आहे. त्यावर पडलेले पाणी टपाच्या दुमडीच्या दोन्ही टोकांना असलेल्या छिद्रांतून, मागच्या चाकांच्या पुढे, खाली उतरते. ही छिद्रे बोटाएवढी, आणि आमच्या पार्किंगच्या उघड्या टोकावर सोनमोहर आहे. सोनमोहराची पर्णिका भाताच्या लोंबीतल्या दाण्याहून फार मोठी नसते. ती वाळली की वाऱ्याबरोबर उडते, दुमडीत जाते, पहिल्या सरीने भिजते आणि त्या छिद्रात चहाच्या चोथ्यासारखी बसते. मग पाणी मागे फिरून आत येते आणि गालिच्याखाली साचते, आणि नेमके सीटखाली चावी ओळखणाऱ्या इमोबिलायझरचे इलेक्ट्रॉनिक खोके असते. ते भिजले की चावी चावी राहत नाही. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, आई पापड-कुरडया वाळवून आगोटीची तयारी करत असते तेव्हा माझीही आगोट चालू होते. टप अर्धा उचलायचा, गवत कापायच्या यंत्रात घालतात ती नायलॉनची जाड दोरी छिद्रातून फिरवायची आणि तांब्याने थोडे थोडे पाणी ओतून ते चाकापुढच्या फरशीवर पडते की नाही हे पाहायचे. डाव्या बाजूने पडते. उजव्या बाजूने पहिल्या वर्षी पडेना. दोरी पुन्हा घातली तेव्हा आधी काळपट लगदा आला, मग एक करपलेले पिवळे फूल, आणि त्यामागून सगळे पाणी एकदम. पुढच्या बंपरच्या दोन बाजूंना रेडिएटर आहेत, त्यांच्यापुढेही असाच कचरा जमतो; बंपर उतरवला तेव्हा तेथे पाने, मातीचा थर आणि वेफर्सचे अख्खे पाकीट मिळाले. ते पाकीट पार्ल्याचे की ठाण्याचे, हे कळायला मार्ग नव्हता.

माझी स्वतःची चूकही नोंदवली पाहिजे. २०२२च्या जुलैमध्ये सलग तीन आठवडे पाऊस म्हणून गाडी काढली नाही, आणि काढायला गेले तर बॅटरी पूर्ण उतरलेली. बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते, आणि ते झाकण उघडते विजेवर. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत. पुस्तिकेत यावर उपाय दिलेला आहे: दरवाज्याजवळ पायाशी फ्यूजचे झाकण आहे, त्यातून एक लाल टोक बाहेर ओढून दुसऱ्या बॅटरीचा धन तिथे लावायचा, ऋण दाराच्या लोखंडाला टेकवायचा आणि बटण दाबायचे. मी रात्री साडेदहाला वॉचमनच्या हातात टॉर्च देऊन हे सगळे व्यवस्थित केले. पुस्तिकेत पुढे आणखी एक वाक्य होते, वीज परत येताच चोरघंटा वाजेल, ते मी वाचले नव्हते. तीन मजल्यांवरचे दिवे लागले. दुसऱ्या दिवसापासून बॅटरीला मंद चार्जर लावला, तर सेक्रेटरी काकांनी पार्किंगमधल्या सार्वजनिक प्लगचा मुद्दा सर्वसाधारण सभेत आणला. चार्जर रात्रभरात किती वीज खातो ते मी मोजून दाखवले. महिन्याचे काही रुपये होते. शेवटी तेवढ्यासाठी स्वतंत्र सबमीटर बसला, आणि त्याचा खर्च माझ्या दोन-तीन वर्षांच्या विजेपेक्षा जास्त आला.

दुसरी गोष्ट २०२४च्या पावसाळ्यातली. कापूरबावडीच्या पुलाखाली इंजिन एकाएकी थरथरू लागले आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. लुकलुकणारा दिवा म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही आणि न जळलेले पेट्रोल पुढे जाते आहे, एवढे ठाऊक होते, म्हणून टोइंगची गाडी मागवली. ज्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी गेली त्याचे नाव येथे घेत नाही. त्यांचे एस्टिमेट आले २ लाख १० हजारांचे: प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या सहा कॉइल, सहा प्लग, वायरिंगचा संच आणि गरज पडल्यास इंजिन उतरवून तपासणी. सुटे भाग लागतात याबद्दल माझी तक्रार नव्हती. दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याआधी यादी तयार होती, याची तक्रार होती. गाडी मी रबाळ्याच्या त्या ओळखीच्या गॅरेजमध्ये आणली. स्कॅनरने चौथ्या सिलिंडरचा दोष दाखवला होता. आम्ही चौथ्याची कॉइल पाचव्याला लावली आणि पाचव्याची चौथ्याला, दोष पुसला आणि इंजिन चालू केले. पाच मिनिटांत दोष पाचव्या सिलिंडरवर आला. दोष कॉइलबरोबर हलला, म्हणजे वायरिंग ठीक, प्लग ठीक, इंजिन ठीक. कॉइल हातात घेऊन उजेडात फिरवली तेव्हा तिच्या काळ्या अंगावर केसाएवढी रेषा दिसली. तेरा वर्षांची उष्णता आणि तेवढेच पावसाळे सोसून ती चिरली होती. बाकीच्या पाच तिच्याच वयाच्या, म्हणून सहाही बदलल्या. खर्च त्या एस्टिमेटच्या पाचव्या हिश्शाहून कमी आला. गॅरेजवाले म्हणाले, “मॅडम, तुम्ही निवृत्त झालात की या इकडे.” मला तो प्रस्ताव वाईट वाटला नाही.

आता चालवण्याबद्दल. २५५ अश्वशक्तीची गाडी ठाण्यात कुठे चालवता, असे लोक विचारतात आणि त्यांचे बरोबरच आहे. आठवड्याचे सहा दिवस ती उभी असते. कारखान्यात मी कंपनीच्या बसने जाते. रविवारी पहाटे पाचला निघायचे, कळवा, विटावा, ऐरोली करत ठाणे-बेलापूर रस्त्याने पनवेल गाठायचे आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग धरायचा. रबाळ्याला कारखान्याचे फाटक डावीकडे मागे पडते. आत तिसऱ्या पाळीचे दिवे असतात आणि कॉम्प्रेसरचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. द्रुतगती मार्गावर मर्यादा १०० आहे, कॅमेरे आहेत, आणि त्या वेगाला सातव्या गिअरमध्ये हे इंजिन जेमतेम जागे असते. म्हणजे ज्या ताकदीचे पैसे मोजले, तिचा बराचसा भाग कपाटातल्या पैठणीसारखा घडीतच राहतो. हाताला जे मिळते ते वेगळेच आहे. या पिढीचे स्टिअरिंग अजून तेलाच्या दाबावर चालते, पुढच्या पिढीपासून ते विजेवर गेले. त्यामुळे काँक्रीटचा सांधा, मग डांबर, मग पुन्हा सांधा, हे सगळे तळहातांना वेगवेगळे कळते. इंजिनाचे वजन मध्यभागी असल्याने वळणावर गाडी एका ठिकाणाभोवती फिरल्यासारखी फिरते. द्रुतगती मार्गाला लागण्याआधी, वेग ताशी ५० किलोमीटरांच्या आत असतानाच टप उघडायचा, बारा सेकंद लागतात, आणि भाताणच्या किलोमीटरभराच्या बोगद्यात एक गिअर खाली घ्यायचा. सहा सिलिंडर पाठीमागे, दोन खांद्यांच्या मध्ये वाजतात. तो आवाज कसा असतो हे मी दादाला बरेचदा सांगायचा प्रयत्न केला. शेवटी त्यालाच घेऊन गेले. बोगदा संपल्यावर तो म्हणाला, “आपली शिलाई मशीन आठवली. आईची, पायाची.” मी नाराज झाले होते, पण पुढच्या रविवारी ऐकले तर खरोखरच त्यात तसे काहीतरी होते.

येत्या ऑगस्टमध्ये गाडीच्या नोंदणीला १५ वर्षे पूर्ण होतील. नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल, गाडी तपासणीला न्यावी लागेल. देशी बनावटीच्या मोटारीला एप्रिल २०२२पासून नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार झाले, तर आयात मोटारीला ४० हजार. डॉक्टरांच्या फाइलला मी दुसरी फाइल जोडली आहे आणि तिच्यात बिलांच्या कोपऱ्यात किलोमीटरबरोबर तासही लिहिते. मागच्या आठवड्यात तपासणीची तयारी म्हणून स्कॅनर लावला. मीटरवर ५२,३०० आणि संगणकात २,०१०. गॅरेजमधल्या नव्या पोराने मोबाइलवर वजाबाकी केली, मग भागाकार: १७,७०० किलोमीटर, ५३० तास, ताशी ३३च्या थोडे वर. “मॅडम, आधीच्या मालकापेक्षा तुम्ही फास्ट चालवता,” तो म्हणाला. मी म्हणाले, पहाटे रस्ता मोकळा असतो. त्याने आकडे बिलाच्या कोपऱ्यात लिहिले, आणि मी तारीख घातली.